हिरवी वायर

“इथे पोकळ वाजतंय,” तपासणीला आलेल्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी भिंतीवर पुन्हा एकदा बोटाचं पेर आपटलं. “आतून प्लास्टर सुटलंय का?”

“सुटलेलं नाही. तिथे आधी खिडकी होती,” वायरमनकाका म्हणाले. “समोरच्यांनी त्यांचं घर वाढवत आमच्या नाकापर्यंत आणून ठेवलं. मग खिडकीचा उपयोग काय? मीच बुजवली.”

“तुम्ही गवंडीकामही करता?”

“नाही ना. म्हणून तर पोकळ वाजतंय.”

बाई हसल्या. काकाही थोडे हसले. दारात उभा असलेला त्यांचा मुलगा मात्र हसला नाही. तो मोबाइलमध्ये डोकं घालून उभा होता, आणि सकाळपासून बापाशी एक शब्दही बोलला नव्हता.

घर विकायला काढलं होतं. घेणारं जोडपं नोकरदार, दोघांनाही रजा मिळत नव्हती, म्हणून व्यवहार पक्का करण्याआधी त्यांनी या बाईंना पाठवलं होतं. घरं तपासणं हाच त्यांचा व्यवसाय. भिंतींना भेगा आहेत का, छत गळतं का, विजेची जोडणी धड आहे का, हे सगळं बघून त्या सांगणार आणि मग घेणारे हो की नाही म्हणणार. तिशीच्या असतील. पायात जाड तळाचे बूट, कपाळाला पट्ट्याने बांधलेली बॅटरी, खांद्याला हत्यारांची पिशवी. त्यांनी पिशवी उघडली आणि आतली हत्यारं जागच्या जागी बघून काकांनी ओळखलं, माणूस कामाचं आहे. एरवी त्यांना आनंद झाला असता. आज झाला नाही. त्यांना वाटलं होतं, कुणीतरी पाट्या टाकणारा येईल, दोन दिवे लावून बघेल, चहा पिऊन जाईल.

काकांना नाव होतं, पण ते आळीत कुणाला आठवत नसे. जन्मभर लोकांच्या घरांत वायरिंग केलं, म्हणून ते वायरमनकाका. त्यांच्या बायकोला लोक वायरमनकाकू म्हणायचे, आणि त्या म्हणायच्या, “मी कधी पक्कड तरी हातात धरली का? मग हे कसलं पद मला?” काका कामाला कडक. कुणाकडे जेवायला गेले तरी आधी मीटरच्या बोर्डाकडे नजर टाकत, मग पानाकडे. इस्त्रीची वायर धरून पिन ओढणाऱ्याला ते चारचौघांत झापत, मग तो घरचा यजमान का असेना. त्यामुळे पुष्कळ घरांत काका येणार म्हटलं की इस्त्री लपवून ठेवत.

आणि अशा माणसाच्या घरात, गेल्या थंडीत, गीझरच्या नळाला हात लावताना काकूंना शॉक बसला आणि त्या गेल्या.

वीज खात्याचा माणूस येऊन बघून गेला. गीझरमध्ये बिघाड झाला होता, पण बिघाड कुठल्याही यंत्रात होतो. अशी वीज कुठे फुटलीच, तर तिने माणसाच्या अंगातून न जाता हिरव्या वायरीतून मुकाट्याने जमिनीत उतरावं, यासाठी अर्थिंग असतं. ते या घरात तुटलेलं होतं. खात्याचा माणूस तसं म्हणाला तेव्हा घर भरलेलं होतं. सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. काका म्हणाले, “माझ्याकडून राहिलं.”

मुलाने काय राहिलं ते विचारलंसुद्धा नाही. त्याला तेवढं पुरलं. “जगाची घरं जोडलीत तुम्ही,” तो त्या भरल्या घरात म्हणाला, “आणि माझ्या आईला एक वायर जोडता आली नाही तुम्हाला.” त्यानंतर त्याने बापाला बाबा म्हणून हाक मारली नाही. फोन आला तर सुनेचा. घर विकून काकांनी मुलाकडे राहायला जायचं ठरलं, तेही सुनेनेच ठरवलं. दोघांच्या मध्ये निरोप सांगून सांगून ती बिचारी मेटाकुटीला आली होती.

काका हे सगळं खाली मान घालून ऐकून घेत आले होते. आणि ऐकून घेण्यामागे जे होतं, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

गोष्ट अशी होती. घर बांधलं तेव्हा अंगणात हातभर खणलं की खडक लागायचा. अर्थिंगसाठी खोल खड्डा हवा. काकांनी त्या वेळी बरेच जण करत तेच केलं. रस्त्यावरून पाण्याचा लोखंडी पाइप घरात आला होता, तो जमिनीतून लांबवर गेलेला. त्यालाच बाथरूममध्ये पट्टी आवळून घरातली हिरवी वायर बांधली. ही पळवाट आहे हे त्यांना ठाऊक होतं. खड्डा नंतर करू म्हणाले, आणि नंतर म्हणजे कधी, ते काही ठरलं नाही. पण पळवाट चालली. वर्षानुवर्षं चालली.

मग ते पाइप आतून गंजले. पाणी तांबूस यायला लागलं. काकूंच्या पांढऱ्या कपड्यांवर डाग पडायचे आणि त्या रोज धुणं वाळत घालताना नळाच्या नावाने बोटं मोडायच्या. मुलगा एकदा आला होता, त्याने ते ऐकलं. दुसऱ्याच दिवशी प्लंबर घेऊन आला आणि घरातले सगळे लोखंडी पाइप काढून प्लास्टिकचे घातले. आईला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून तिला मावशीकडे पाठवून दिलं होतं. काका घरातच होते. त्यांनी प्लंबरला चहा करून दिला. जुने पाइप भंगारवाल्याच्या गाडीवर त्यांनी स्वतः नेऊन टाकले. ते पाइप हातात होते तेव्हाही काकांच्या डोक्यात आलं नाही, की आपण घराचं अर्थिंग भंगारात देतोय.

त्यानंतर ती हिरवी वायर भिंतीतल्या वीतभर लोखंडाला बांधलेली राहिली, आणि त्या लोखंडाच्या पुढे प्लास्टिक.

काकू गेल्यावर काकांनी खडक फोडायचं यंत्र भाड्याने आणलं, अंगणात खोल खड्डा घेतला, नवं अर्थिंग केलं, नवा बोर्ड बसवला. बाथरूममधली वायर त्यांनी कापली. पण जुन्या पाइपाचा तो तुकडा आणि त्यावरची पट्टी तशीच राहिली. काढायची तर भिंत फोडावी लागली असती, आणि भिंत फोडली की मुलगा विचारणार, का फोडली. म्हणून त्यांनी त्यावर एक पत्र्याचं झाकण बसवलं. मुलाला विजेतलं काही कळत नव्हतं. त्याला बाप चुकला एवढं माहीत होतं, आणि तेवढंच माहीत राहावं अशी काकांची इच्छा होती. बापावर राग धरून माणूस जगू शकतो. आपल्या हातून आई गेली, हे घेऊन कसं जगणार?

म्हणून त्यांना ही तपासणी नको होती. निदान आज मुलगा तरी नको होता. पण कागदपत्रं त्याच्याकडे, तेव्हा तो आलाच.

बाई आता मीटरच्या बोर्डापाशी आल्या होत्या. झाकण उघडून त्यांनी बराच वेळ आत बघितलं. मग अंगणात गेल्या, खड्ड्यावरची फरशी उचलून मापं घेतली आणि परत आल्या.

“काका, एवढं नीट अर्थिंग मी फार कमी घरांत बघते,” त्या म्हणाल्या. “वायरी तर कशा शिस्तीत लावल्यात. कोणी केलंय हे?”

“मीच.”

“छान काम आहे.”

“हो, आता छान आहे,” मुलगा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला. “आमची आई बाथरूममध्ये शॉक लागून गेली. त्यानंतर केलंय हे.”

बाईंचा हात बोर्डावर तसाच राहिला. त्यांनी एकदा मुलाकडे बघितलं, एकदा काकांकडे. “मला माहीत नव्हतं,” त्या म्हणाल्या.

“घेणाऱ्यांना सांगितलंय आम्ही. लपवलेलं नाही,” मुलगा म्हणाला. “म्हणूनच तर ते घासाघीस करतायत.”

बोर्डाच्या झाकणावर धूळ नव्हती, तरी काकांनी ते बाहीने पुसलं.

पुढचा अर्धा तास बरा गेला. स्वयंपाकघरातल्या कट्ट्याखाली थोडी ओल निघाली. मागच्या खोलीत छताला एक केसभर भेग होती, ती जुनी आणि निरुपद्रवी आहे असं बाईंनी सांगितलं. एका दाराची चौकट खालून वाळवीने खाल्लेली होती. बाईंनी तिथे स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो आत गेला. काकांना आपल्या घराला असं टोचलेलं बघवेना. तरी मनात ते म्हणत होते, टोचा, हवं तेवढं टोचा, पण तिकडे जाऊ नका.

बाई बाथरूममध्ये गेल्या. मुलगा दारापर्यंत आला आणि उंबऱ्याशी थांबला. आई गेल्यापासून त्याने आत पाऊल टाकलं नव्हतं. या घरी येणं झालंच, तर तो शेजाऱ्यांकडे जाऊन यायचा.

बाईंनी गीझर बघितला, तोही नवा होता. सॉकेटला मीटर लावून बघितला. नळ सोडून पाण्याचा जोर बघितला. मग कपाळावरची बॅटरी लावून त्या बेसिनखाली वाकल्या.

“हे झाकण कसलं?”

“ते काही नाही, मॅडम,” काका म्हणाले. “जुनं काहीतरी आहे. बंद करून टाकलंय.”

“मग बघून घेते.”

“आत पाली आहेत.”

“पालींची सवय आहे मला,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी झाकणाचे स्क्रू काढायला घेतले. स्क्रू काकांनीच आवळलेले होते, त्यामुळे वेळ लागला. एक निघाला, मग दुसरा. काकांनी मुलाकडे बघितलं. तो मोबाइलवर काहीतरी लिहीत होता. काकांना वाटलं, त्याला पाणी आणायला पाठवावं, कागद आणायला पाठवावं, कशालाही पाठवावं. पण वर्षभर ज्याच्याशी बोलणं नाही, त्याला एकदम काम कसं सांगणार?

झाकण निघालं. बाईंनी आत बघितलं.

“अच्छा,” त्या म्हणाल्या. त्या कामात होत्या, आणि कामातली माणसं मोठ्याने विचार करतात. “म्हणजे आधी अर्थ पाण्याच्या पाइपाला होता. ही हिरवी वायर इथे कापलीय. आणि पाइप नंतर प्लास्टिकचे झाले. भिंतीतले सगळेच बदललेत का, की इथे तिथे जुने राहिलेत? कोणी बदलले?”

“मी,” काका म्हणाले. “मीच बदलून घेतले. सगळे.”

ते फार पटकन बोलले. काकांनी आयुष्यात खोटं बोलायची सवय लावून घेतली नव्हती, आणि तो गुण ऐन वेळी त्यांना नडला. ते गप्प राहिले असते, तर मुलगा सहज म्हणाला असता की पाइप मी बदलले, बाईंनी मान हलवली असती, झाकण पुन्हा बसलं असतं. मुलाला त्यातलं काहीही कळलं नसतं.

मुलाने मोबाइल खाली घेतला.

“तुम्ही कुठे बदलले?” तो म्हणाला. “मी बदलले. मी प्लंबर आणला होता. आई मावशीकडे…”

आणि तो थांबला. बाप धादांत खोटं का बोलला, हे त्याला समजेना. त्याने बापाकडे बघितलं. काकांनी नजर वळवली. मग त्याने बेसिनखालच्या त्या उघड्या भोकाकडे बघितलं. तिथे बॅटरीच्या उजेडात गंजलेला लोखंडी तुकडा, त्यावरची पट्टी आणि कापलेली हिरवी वायर दिसत होती.

“मॅडम,” तो म्हणाला, “पाइप बदलल्यावर ही वायर कुठे जात होती?”

बाईंना आता कळलं होतं. त्या उभ्या राहिल्या. त्यांनी काकांकडे बघितलं, आणि काकांनी अगदी थोडी मान हलवली, नको अशी.

“जुन्या घरांत असं नक्की सांगता येत नाही,” बाई म्हणाल्या.

“सांगता येत नाही, की सांगायचं नाही?”

बाईंनी कपाळावरची बॅटरी बंद केली. घरात काय आहे ते सांगणं हेच त्यांचं काम होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना ते काम नकोसं झालं. “ती भिंतीतच संपत होती,” त्या म्हणाल्या. मग हत्यारं गोळा केल्यासारखं करून त्या त्याच्या बाजूने बाहेर पडल्या आणि मीटरच्या बोर्डापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

बापलेक तिथेच राहिले, एक आत आणि एक उंबऱ्याबाहेर.

“तुम्हाला माहीत होतं,” मुलगा म्हणाला.

काकांनी खाली पडलेला एक स्क्रू उचलला.

“कधीपासून?”

“आई गेली त्याच दिवशी. सगळे गेल्यावर मी ती वायर धरून मागे मागे गेलो.”

“आणि मला बोलू दिलंत. वर्षभर.”

“तू बोललास ते खरंच होतं,” काका म्हणाले. “पाइपाला अर्थ बांधायचा नसतो, हे मला माहीत होतं. तुला कुठून माहीत असणार? पाइप निघाले तेव्हा मी इथेच होतो. गाडीवर मी टाकले ते. माझ्या लक्षात यायला हवं होतं. माझं ते काम आहे.”

“पण काढले मी.”

“आईसाठी काढलेस. किती खूश होती ती. पाणी स्वच्छ आलं तर शेजारणीला बोलावून बादली दाखवली तिने. माझ्या मुलाने केलं म्हणाली.”

मुलाला बरं वाटावं म्हणून काका हे बोलले, आणि बोलल्याबरोबर त्यांना कळलं की बोलायला नको होतं. मुलाचा चेहरा त्यांच्या डोळ्यांदेखत उतरत गेला. चाळिशी ओलांडलेला माणूस, कानापाशी केस पिकलेले, पण काकांना दिसत होता तो शाळेतून मार खाऊन घरी आलेला मुलगा. तेव्हा काकू होत्या. असल्या वेळी काय करायचं हे काकूंना माहीत होतं, काकांना कधीच माहीत नव्हतं. त्यांनी हात पुढे केला. तो मुलाच्या दंडाला लागला न लागला.

“बाबा,” मुलगा म्हणाला. वर्षभरात पहिल्यांदा. त्याने हातानेच बापाला बाजूला व्हायची खूण केली. काका बाहेर आले. मुलगा उंबरा ओलांडून आत गेला, त्याने दिवा लावला आणि दार लावून घेतलं.

दिव्याबरोबर वाफ बाहेर टाकणारा छोटा पंखाही चालू झाला. काकांनी दोघांना एकच बटण ठेवलं होतं. पंखा जुना होता आणि घरघर करून सगळं घर डोक्यावर घेत होता.

काका थोडा वेळ त्या दाराबाहेर उभे राहिले. दार वाजवावं असं त्यांना दोनदा वाटलं. दोन्ही वेळा त्यांनी हात मागे घेतला. मग ते बोर्डापाशी आले. बाई कागदावर काहीतरी लिहायचं नाटक करत होत्या.

“मी विचारायला नको होतं, काका,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही तुमचं काम केलंत.”

“मी उद्या येऊन उरलेलं करते. घेणाऱ्यांना फोन करून सांगेन.”

“नको. अर्धं काम सोडून जाऊ नये,” काका म्हणाले. “काय राहिलंय?”

“बोर्डावरचं हे चाचणीचं बटण. वीज फुटली तर मेन स्विच आपोआप पडतो का, तेवढं बघायचं. आणि मग गच्चीवरची टाकी.”

“दाबा.”

बाईंनी बटण दाबलं. खट् आवाज झाला. मेन बरोबर पडला, जसा पडायला हवा होता तसाच. फ्रिज थांबला. बाथरूममधला पंखा घरघरत घरघरत थांबला आणि घर एकदम शांत झालं.

त्या शांततेत आतला आवाज ऐकू आला. तोंडावर हात धरूनही न थांबणारं रडू होतं ते. आत खिडकी नव्हती, मुलगा अंधारात होता. घर गप्प झालंय आणि बाहेर आपण ऐकू जातोय, हे त्याला क्षणभराने कळलं असावं, कारण त्याने श्वास रोखला. मग तो रोखलेला श्वासही फुटला.

बाई जमिनीकडे बघत उभ्या राहिल्या.

काकांनी हात वर करून मेन चढवला. दिवे लागले. पंखा पुन्हा घरघरायला लागला आणि आतला आवाज त्यात बुडून गेला.

“चांगला पडतो मेन,” काका म्हणाले, गरजेपेक्षा बरंच मोठ्याने. “बघितलात ना? आता टाकी बघून घ्या. चला, जिना इकडे आहे.”

आणि ते बाईंच्या पुढे होऊन जिना चढायला लागले. टाकी कोणी बसवली, तिचं झाकण वाऱ्याने कसं उडालं, मग ते कोणाच्या अंगणात सापडलं, हे सगळं ते पायऱ्या चढता चढता मोठमोठ्याने सांगत होते.